अँड्रॉइड फोनवरील गूगलची नजर कमी कशी करावी

नवा अँड्रॉइड फोन हाती येतो तेव्हा त्यातील बहुतेक निवडी कंपनीने आधीच करून ठेवलेल्या असतात, आणि या आयत्या निवडींची किंमत कंपन्या चांगलीच ओळखून आहेत. आपले सर्च इंजिन इतरांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये मूळचेच असावे यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. म्हणून सेटिंगमध्ये शिरून आपली निवड आपणच करणे, हे कंटाळवाणे असले तरी, गरजेचे आहे.

सुरुवात लोकेशनपासून करावी, कारण सर्वाधिक गफलत तिथेच होते. आपण कुठे जातो याच्या नोंदी एकाच बटणाने थांबतील असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ‘टाइमलाइन’ (पूर्वीची ‘लोकेशन हिस्टरी’) बंद केली, तरी ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’ हे दुसरे सेटिंग सुरू असल्यास सर्च किंवा मॅप्स वापरताना आपले ठिकाण नोंदले जाऊ शकते. हा प्रकार २०१८ मध्ये उजेडात आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील चाळीस राज्यांशी गूगलने ३९.१५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हा दोन्ही बंद करावीत. त्यासाठी फोनच्या सेटिंगमधील ‘गूगल’ या भागातून आपले खाते उघडावे आणि ‘डेटा आणि गोपनीयता’ येथे जावे. ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’ बंद करताना दोन पर्याय समोर येतात: नुसते बंद करणे, किंवा बंद करून जुन्या नोंदीही पुसणे. पहिला निवडल्यास आजवरचा साठा जसाच्या तसा राहतो, त्यामुळे दुसराच निवडावा. सेटिंग सुरू ठेवणे सोयीचे वाटत असेल, तर निदान नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जातील असे ठरवून द्यावे.

त्यानंतर सेटिंगच्या गोपनीयता विभागात ‘जाहिराती’ उघडून ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) काढून टाकावा. जाहिराती थांबणार नाहीत. मात्र वेगवेगळ्या ॲपना याच आयडीच्या आधारे तुमच्या नोंदी एकत्र जोडता येणार नाहीत.

सर्च इंजिन बदलणे सर्वांत सोपे. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिन’ या ओळीवर डकडकगोसारखा पर्याय निवडता येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये भारतातील ग्राहकांना फोन प्रथम सुरू करतानाच सर्च इंजिन निवडता येईल, असे कंपनीने जाहीर केले. या निवडीचा पडदा समोर आल्यास तो न वाचता घाईघाईने पुढे जाऊ नये.

शेवटी ‘परवानगी व्यवस्थापक’ उघडून लोकेशन, मायक्रोफोन आणि संपर्क ही तीन नावे तपासावीत. टॉर्चच्या ॲपला तुमच्या नातेवाइकांचे फोन नंबर कशाला हवेत? रिक्षा बोलावणाऱ्या ॲपला लोकेशन लागतेच, पण तेही ‘ॲप वापरत असतानाच’ एवढ्यापुरते द्यावे. हवामानाच्या ॲपला तर अंदाजे ठिकाण पुरते. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीला मात्र तुमचा फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहे हे कळतच राहते, आणि वरीलपैकी कोणतेही सेटिंग त्याला लागू पडत नाही.