फ्रीस्टाइलमध्ये पाय किती मारायचे आणि कसे

फ्रीस्टाइल, म्हणजे पालथं राहून आळीपाळीने हात टाकत पोहताना पंचवीस मीटरमध्येच धाप लागते, याचं कारण पुष्कळदा छातीत नसून मांड्यांत असतं. मांड्यांचे स्नायू मोठे असतात. ते जोरात चालू लागले की ऑक्सिजन भराभर खर्च होतो. त्यात फ्रीस्टाइलमध्ये अंग पुढे न्यायचं मुख्य काम हातांचं आहे. पायांनी आधी कंबर वर धरायची आणि अंग या कुशीवरून त्या कुशीवर वळताना तोल राखायचा. पाय खाली लोंबले की पाणी अंगावर अडतं आणि हातांनी कमावलेला वेग तिथेच जातो. म्हणून नवशिक्यांनी आधी किक, म्हणजे पायाचा फटका, लहान करावी. जोर नंतर.

किक खुब्यातून निघते. खाली मारताना गुडघा किंचितच वाकतो, मग पाय सरळ होत जातो आणि शेवटी पावलाचा झटका बसतो, चाबकाच्या टोकासारखा. वर आणताना मात्र गुडघा वाकवायचा नाही. दोन पावलांमधलं वरखाली अंतर साधारण ३० ते ४० सेंटिमीटर पुरे. बोटं मागे ताणलेली, पण घोटा सैल. दोन्ही अंगठे एकमेकांना घासून जातील इतके आत वळलेले. टाच पाण्याच्या वर जेमतेम डोकावली पाहिजे. मागे पाणी उकळल्यासारखं खळबळत असेल तर किक बरोबर आहे. धपधप आवाज येत असेल तर पाऊल हवेत जातंय.

सगळं घोट्यावर अवलंबून आहे. पाऊल काटकोनात राहिलं तर ते पाणी मागे ढकलत नाही, उलट अडवतं. धावणाऱ्यांचे आणि सायकल चालवणाऱ्यांचे घोटे अनेकदा इतके ताठ असतात की किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून पाय मारले तरी ते जागचे हलत नाहीत, कधी चक्क मागे सरकतात. त्यांनी रोज ३० सेकंद ते एक मिनिट वज्रासनात बसावं. गुडघा दुखला तर लगेच उठावं.

चुका दोन फार दिसतात. पहिली सायकल किक: गुडघे पोटाकडे ओढले जातात आणि मांडी पाण्याला आडवी येते. दुसरी कात्री: श्वास घेताना पाय एकदम फाकतात. कात्री पायांनी सुधारत नाही, कारण मूळ चूक वर असते. डोकं उचललं जातं किंवा पुढचा हात मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातो, तोल सुटतो आणि पाय तो सावरायला धावतात. श्वास घेताना एक डोळा पाण्यातच ठेवा, हात खांद्याच्या रेषेत टाका, कात्री बरीचशी आपोआप मिटते. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना मान वर ठेवायची सवय असते. त्यांनी नजर तळाकडे लावली तरी कंबर वर येते.

सरावासाठी उभी किक सर्वांत चांगली. खोल बाजूला, भिंतीजवळ, हात छातीवर बांधून २० सेकंद पाय मारा, ४० सेकंद थांबा, असं सहा वेळा. इथे गुडघ्यातून मारलेली किक लगेच उघडी पडते, कारण नाकातोंडात पाणी जातं. (खोल पाण्याची सवय नसेल तर प्रशिक्षक जवळ हवेतच.) मग कुशीवरची किक: खालचा हात पुढे ताणलेला, कान दंडावर, प्रत्येक कुशीवर २५ मीटर. किकबोर्ड वापरायचा तर चेहरा पाण्यात ठेवून. मान वर काढून लांबच लांब फेऱ्या मारल्या तर पाय बुडवायचीच सवय लागते.

आता किती मारायचे. दोन्ही हातांचं एक आवर्तन होईपर्यंत सहा किक, ही ५० आणि १०० मीटरची चाल. १५०० मीटरला किंवा समुद्रात, म्हणजे मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या स्पर्धेसारख्या ठिकाणी, अनेकांना दोन किक परवडतात. खारं पाणी पाय जास्त उचलून धरतं. दोन किकची गंमत वेळेत आहे. उजवा हात पुढे पाण्यात शिरतो त्याच क्षणी डावा पाय खाली मारायचा. त्याने डावा खुबा वर येतो, अंग उजव्या कुशीवर वळतं आणि डाव्या हाताच्या ओढीला जोर मिळतो. डाव्या हाताबरोबर उजवा पाय. सुरुवातीला दोन किकच्या मधे पाय बुडतील. तेव्हा किक वाढवू नका, आधी मान तपासा.