मामाच्या अडत दुकानाची पट्टी आणि फास्टएपीआय

मार्केट यार्डात मामाचं गुळाचं अडत दुकान आहे. सौदे निघाले की फोन वाजायला लागतो आणि पलीकडून एकच प्रश्न येतो, "पट्टी झाली का?" पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब: रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई जाऊन हातात किती. गेल्या हंगामात मामा म्हणाला, "अगं, एवढं कम्प्युटरचं शिकलीस, आमच्या पट्टीचं कायतरी बघ की." त्यासाठी पायथनमध्ये जो एपीआय लिहिला, म्हणजे फोनने विचारावं आणि प्रोग्रामने उत्तर द्यावं अशी खिडकी, तो कसा उभा केला ते सांगते.

लॅपटॉप उघडायच्या आधी दुकानात तासभर नुसतं बसा. मी कागदावर तीनच वाक्यं लिहून उठले. नवी पट्टी कर. अमुक नंबरची पट्टी दाखव. आजच्या सगळ्या दाखव. तीन प्रश्न, तीन एंडपॉइंट, म्हणजे प्रश्न घेणारी तीन दारं. पहिल्याला पोस्ट (नवी माहिती पाठवायची पद्धत), उरलेल्या दोघांना गेट (नुसती वाचायची). पट्टी काढून टाकायचा डिलीटही मी लिहिणार होते, पण दिवाणजी म्हणाले, "पट्टी खोडायची नसती, उलटी नोंद करायची." डिलीट गेलं.

पायथनमध्ये एपीआय लिहायची फ्लास्क ही चौकट २०१० पासून आहे आणि त्यातही हे झालं असतं. मी २०१८ साली आलेलं फास्टएपीआय घेतलं, कारण आलेली माहिती तपासायचं काम ते पायडँटिक या लायब्ररीकडून करून घेतं. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) 'स्टँडर्ड' जोडणीसकट बसवा, म्हणजे युव्हीकॉर्न सर्व्हरही सोबत येतो. फाइलीत अ‍ॅप तयार करायचं, फंक्शन लिहायचं आणि त्याच्या डोक्यावर डेकोरेटरमध्ये (@ ने सुरू होणाऱ्या ओळीत) पद्धत आणि पत्ता द्यायचा. एंडपॉइंट म्हणजे एवढंच.

खरी मेहनत मॉडेलमध्ये, म्हणजे पट्टीच्या रकान्यांच्या आराखड्यात आहे. पायडँटिकच्या बेसमॉडेल या तयार क्लासवरून पट्टीचा क्लास करा आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार सांगा. मी पहिल्यांदा रकान्याचं नाव नुसतं 'वजन' ठेवलं. दिवाणजी दर क्विंटलचा बोलतात, काटा किलो दाखवतो, आणि एका पट्टीत १२ क्विंटलचे १२ किलो झाले. मामा दिवसभर बोलला नाही. तेव्हापासून एकक रकान्याच्या नावातच: वजन ग्रॅममध्ये, दर क्विंटलमागे पैशांत. दोन्ही पूर्णांक. फ्लोट (दशांश आकडा) वापरू नका, पायथनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारा, शेपटाला ४ चिकटलेला दिसेल. ३० किलोचे ४० रवे, दर ४,२०० रुपये: १२,००,००० ग्रॅम गुणिले ४,२०,००० पैसे, भागिले १,००,००० (एका क्विंटलचे ग्रॅम). आले ५०,४०,००० पैसे, म्हणजे ५०,४०० रुपये. भागाकारात बाकी उरली तर ती कुणाकडे जाणार, हे मामाला विचारून ठरवा, पायथनवर सोडू नका. वजन आणि दर शून्याहून मोठेच हवेत, हेही फील्डमध्ये सांगून ठेवा. मग चुकीचा आकडा आला की तुमच्या फंक्शनला हात न लावता ४२२, म्हणजे 'माहिती चुकली' हा कोड, परत जातो, आणि कुठला रकाना चुकला तेही त्यात असतं. पट्टी तयार झाली की २०१ ('तयार झालं') द्या. नंबर सापडला नाही तर एचटीटीपीएक्सेप्शन ही त्रुटी देऊन ४०४ ('सापडलं नाही'). रिकामं उत्तर २०० ('सगळं ठीक') म्हणून पाठवू नका.

एका भानगडीत माझी अख्खी संध्याकाळ गेली. 'पट्ट्या/आजच्या' हा पत्ता मारला की ४२२ यायचा. कारण 'पट्ट्या/नंबर' हा रस्ता मी वर लिहिला होता. फास्टएपीआय वरून खाली बघत येतं आणि पहिला जुळला तो घेतं. 'आजच्या' हाच नंबर समजून बसलं. ठरलेल्या शब्दाचा रस्ता वर, बदलत्या नंबराचा खाली.

दुसरी भानगड यार्डातल्या रेंजची. दिवाणजींनी बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, म्हणून परत दाबलं. एका शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या. यावर बटण बंद करून भागत नाही. फोननेच प्रत्येक पट्टीला एक वेगळी खूण द्यायची, डेटाबेसात त्या रकान्यावर युनिकची अट (तीच खूण दोनदा चालणार नाही) घालायची, आणि तीच खूण परत आली तर नवी न करता जुनीच पट्टी उत्तरात द्यायची.

'असिंक' (एक काम थांबलं असताना दुसरं करू देणारं फंक्शन) या शब्दाचा मोह आवरा. एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसातून साध्या ड्रायव्हरने वाचत असाल तर फंक्शनही साधंच ठेवा. फास्टएपीआय ते वेगळ्या थ्रेडवर (बाजूला, स्वतंत्र) चालवतं. तेच असिंक फंक्शनात घातलंत तर एकाचं वाचन होईपर्यंत बाकी सगळे ताटकळतात.

चालवायला टर्मिनलमध्ये 'फास्टएपीआय डेव' आणि फाइलीचं नाव. ब्राउझरमध्ये ८००० पोर्टवर 'डॉक्स' हे आपोआप तयार होणारं पान उघडा, तिथूनच पट्टी करून बघता येते. नावं देवनागरीत टाका, उत्तरातही देवनागरीच दिसतं. दुकानातल्या फोनवरून मात्र काही उघडणार नाही, कारण सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकत असतो, होस्ट ०.०.०.० दिला की वायफायवरचे फोन पोचतात. दुकानाबाहेर काढायचं असेल तर आधी लॉगिन लावा. शेतकऱ्याचा हिशेब शेजारच्या गाळ्याला दिसला तर मामा मला यार्डात पाय ठेवू द्यायचा नाही.

दिवाणजी अजून वहीतही लिहितात. संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळवतात, आणि आकडा जुळला नाही की पहिला फोन मला येतो.