कॅथेड्रलमधल्या ईस्टर जागरणाला जाताना

कॅथेड्रल म्हणजे नुसतं मोठं चर्च नव्हे. ग्रीक भाषेत ‘कथेड्रा’ म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपांचं, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांचं आसन असतं, ते कॅथेड्रल. म्हणूनच रोममध्ये पोपचं कॅथेड्रल सेंट पीटर्स नाही, तर लॅटरनचं सेंट जॉन आहे. कॅथलिक कॅथेड्रलमधला एकच विधी बघायचा असेल, तर मी ईस्टरच्या आदल्या रात्रीचं जागरण बघा म्हणेन. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी.

आधी तारीख बघून ठेवा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. चर्चच्या गणिताने तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात कधीही येतो. जागरण असतं आदल्या शनिवारी, अंधार पडल्यावरच. पूर्वी ते शनिवारी सकाळीच उरकलं जायचं. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये रात्री करण्याची मुभा दिली आणि १९५५ च्या सुधारणेनंतर ते सगळीकडे रात्रीचं झालं. वेळ आणि प्रवेशाचे नियम त्या कॅथेड्रलकडूनच विचारून घ्या. काही ठिकाणी पास लागतो.

विधी दोन ते तीन तास चालतो. लवकर जेवून जा. कपडे साधे, खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत. पुरुषांनी आत टोपी काढायची. फोन बंद करून खिशात ठेवा, कारण अंधारात एक स्क्रीन उजळली तरी आजूबाजूच्या सगळ्यांची नजर तिकडे जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा पकडायला थेट आत जाऊन बसू नका. आत दिवे मालवलेले असतात आणि सुरुवात बाहेर, शेकोटीपाशी होते. बिशप त्या अग्नीला आशीर्वाद देतात आणि त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती पेटवतात. ती काळोख्या चर्चमध्ये नेताना तीनदा थांबून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असं गायलं जातं आणि लोक ‘देवाला धन्यवाद’ म्हणून प्रतिसाद देतात. याच वाटेवर तुमच्या हातातली मेणबत्ती पेटते. इथे एक लक्षात ठेवा: पेटलेली मेणबत्ती सरळच धरायची, न पेटलेली तिच्याकडे तिरकी करायची. उलटं केलंत तर वितळलेलं मेण शेजाऱ्याच्या हातावर सांडतं. ज्योत हातोहात मागे सरकत जाते आणि आधी खांब, मग कमानी, मग शेजाऱ्यांचे चेहरे दिसू लागतात. एवढी मोठी वास्तू मेणबत्त्यांनी उजळताना बघायची, तर आधी तिचा काळोख अनुभवायला हवा.

मग ‘एक्झुल्टेट’ हे पास्काचं स्तुतिगान होतं. ते उभं राहून ऐकायचं. त्यानंतर बसून बायबलमधली वाचनं ऐकायची. पूर्ण विधीत ती नऊ असतात. ती कमी केली तरी इस्राएल लोक समुद्र पार करतात ते वाचन कधीच गाळत नाहीत. इथे कंटाळा येऊ शकतो, पण धीर धरा. जुन्या करारातली वाचनं संपली की ग्लोरिया हे देवाच्या गौरवाचं गीत सुरू होतं, घंटा घणघणतात आणि वेदीवरच्या मेणबत्त्या लागतात. थोड्या वेळाने, चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एकदाही न म्हटलेलं ‘आलेलुया’ (देवाची स्तुती करा) पहिल्यांदा गायलं जातं. तेव्हा भाविकांचे चेहरे जरूर बघा.

पुढे बाप्तिस्मा होतो, बरेचदा प्रौढांचाही. मग सगळे पुन्हा मेणबत्त्या पेटवून बाप्तिस्म्याची वचनं नव्याने देतात. तुम्हाला ती द्यायची नसतील तर शांत उभं राहा, कुणी वावगं मानत नाही. त्यानंतर शिंपडलेलं पाणी अंगावर पडेल, पडू द्या.

शेवटी दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, कॅथलिकांसाठीच असतो. बाकीच्यांनी जागेवर बसून राहावं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही हात छातीवर दुमडून रांगेत गेलं की फक्त आशीर्वाद मिळतो. तशी पद्धत आहे का, ते शेजारच्याला हळूच विचारा.

विधी संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबा आणि ती पास्काची मेणबत्ती जवळून बघा. तिच्यावर क्रूस असतो, त्याच्या वर-खाली आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली आणि शेवटची अक्षरं, चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार अंक. बरेचदा धूपाचे पाच दाणेही खोचलेले असतात, येशूच्या पाच जखमांचे.