बोअरच्या पाण्यात कोणते मासे एकत्र नांदतात

तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो, म्हणजे पाणी जड आहे. मासे निवडायची सुरुवात इथून करायची. विदर्भातल्या बहुतेक गावांत माशांच्या टाकीत बोअरचं नाहीतर विहिरीचं पाणी पडतं, आणि ते सहसा असंच असतं. दुकानात रंग पाहून निऑन टेट्रा आणले, की ते एकेक करून मरू लागतात आणि दोष खाण्यावर जातो. निऑन मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. त्याचा नाद सोडलेला बरा.

जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मॉली आणि स्वोर्डटेल खुशाल राहतात. मॉलीला थोडा खारटपणाही चालतो, म्हणून अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात पहिली पसंती तिलाच द्यावी. पाणी जिभेला स्पष्ट खारट लागत असेल, तर पावसाचं साठवलेलं पाणी मिसळूनच वापरा. यांच्या जोडीला झेब्रा डॅनिओ. हा आपल्याच उपखंडातला मासा आहे. काटक असतो, थंडीही सोसतो. फक्त उडी मारतो, तेव्हा टाकीला झाकण हवंच.

आता संख्या. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५ ते ४८ लिटर उरतं. एवढ्यात ६ झेब्रा आणि ६ प्लॅटी (२ नर, ४ माद्या) पुरे. झेब्रा थव्याने राहणारा मासा आहे. दोन-तीनच ठेवले तर ते बुजतात किंवा एकमेकांच्या मागे लागतात. प्लॅटी-गप्पीत एका नरामागे २-३ माद्या हव्यात, नाहीतर नर एकाच मादीला पळवून पळवून थकवतात. मॉली मोठी होते, तिला ३ फुटी टाकी बघा.

दुकानदार आणखी दहा मासे मावतील म्हणेल. ऐकू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि पाणी जितकं अल्कधर्मी व जितकं गरम, तितका तो जास्त विषारी ठरतो. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. त्यातच तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणून मे महिन्यात निभतील एवढेच मासे जानेवारीत घ्यायचे.

पुढच्या जोड्या टाळा. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. फायटर लांब शेपटीच्या गप्पीला प्रतिस्पर्धी समजून अंगावर जातो. एंजल लहानपणी गरीब दिसतो, पण वाढला की तोंडात मावेल तो मासा गिळतो. गोल्डफिश खूप घाण करतो आणि त्याला थंड पाणी हवं असतं, म्हणून तो या मेळात बसत नाही. काच साफ करेल म्हणून दिला जाणारा सकर पुढे फुटापेक्षा मोठा होतो. तो टाकीत मावेनासा झाला म्हणून गावतळ्यात किंवा नाल्यात सोडू नका. तिथल्या माशांवर आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांच्या जाळ्यांवर तो संकट होतो.

मासे आणण्याआधी टाकी भरून फिल्टर चालू ठेवा. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर असते, म्हणून ते पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून किंवा अँटी-क्लोरीन घालून मगच वापरा. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला ४ ते ६ आठवडे लागतात. आधी ३-४ झेब्रा सोडा, खाणं चिमूटभरच द्या, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. बाकीचे मासे त्यानंतर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने आणा. फिल्टरचा स्पंज टीसीएलच्या पाण्यात धुतला तर जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

एसटीतून पिशवी आणताना ती थर्माकोलच्या डब्यात ठेवा. घरी आल्यावर पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग दर ५ मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी तिच्यात घाला, असं पाच-सहा वेळा. शहरातल्या दुकानाचं पाणी आणि तुमच्या बोअरचं पाणी यांत फार फरक असू शकतो. मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

टिनाच्या घरात उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांपलीकडे सहज जातं. टाकी उन्हाच्या भिंतीपासून दूर, खालच्या बाजूला ठेवा. झाकणाऐवजी मच्छरदाणीचं कापड बांधून पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. उडालेल्या पाण्याच्या जागी पावसाचं किंवा पिण्याच्या आरओ फिल्टरचं मऊ पाणी घाला, कारण क्षार मागेच राहतात आणि बोअरचं पाणी घालत गेलं तर ते वाढत जातात. खाणं निम्मं करा. लाइट जाते त्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घेऊन ठेवा. पहाटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडताना दिसले, की हवा लगेच वाढवा आणि पाव टाकी पाणी बदला. दोन-तीन दिवस तसंच राहिलं, तर काही मासे दुसऱ्या टाकीत हलवावेच लागतील.