योसेफोवमध्ये पहिल्यांदा गट नेताय? आधी जमिनीची पातळी बघा

प्रागमध्ये गाईड म्हणून काम सुरू करणारे बहुतेकजण ज्यू वस्तीची, म्हणजे योसेफोवची, तयारी सनावळ्या पाठ करून करतात. त्यापेक्षा आधी एकट्यानं दोनदा चालून या आणि फक्त पायांखाली लक्ष ठेवा. कुठे पायऱ्या उतराव्या लागतात आणि कुठे जमीन डोक्याच्या वर जाते, हे टिपलंत की निम्मी माहिती तिथेच मिळते.

सुरुवात पारीझ्स्का रस्त्यावर करा. पाहुणे उंची दुकानं बघून विचारतात, "जुनी वस्ती कुठेय?" उत्तर असं की ती पाडली. 1893च्या कायद्यानं दाटीची, रोगट वस्ती हटवायचं ठरलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत बहुतेक सगळी घरं गेली. उरली ती सहा सिनॅगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं), ज्यू टाउन हॉल आणि कब्रस्तान. हे आधीच सांगितलं नाही, तर लोक पुढचे दोन तास जुन्या गल्ल्या शोधत राहतात. योसेफोव हे नावही 1850चं, सम्राट दुसऱ्या जोसेफवरून ठेवलेलं.

तिथून दोन मिनिटांवर जुनं-नवं सिनॅगॉग, साधारण 1270चं. आजही इथे प्रार्थना होते. अजून वापरात असलेलं युरोपातलं सर्वांत जुनं सिनॅगॉग हेच. आत जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. व्ल्तावा नदीच्या पुरामुळे भोवतालचे रस्ते शतकानुशतकं भर घालून उंच झाले, इमारत मात्र आपल्या मूळ पातळीवर राहिली. आतल्या भिंतीतल्या अरुंद फटी दाखवा. बायका पलीकडच्या दालनातून त्यांतून प्रार्थना ऐकत. माळ्यावर गोलेम, म्हणजे मंत्रानं जिवंत केलेला मातीचा माणूस, आहे ही गोष्ट जरूर सांगा, पण दंतकथा म्हणूनच. हा गोलेम ज्यांनी घडवला असं सांगतात, त्या प्रागच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) ल्योव यांच्या हयातीतल्या कुठल्याच कागदात गोलेम नाही; त्यांच्याशी ही कथा जोडली गेली ती फार नंतर.

शेजारच्या टाउन हॉलवरच्या खालच्या घड्याळात आकड्यांच्या जागी हिब्रू अक्षरं आहेत आणि काटे उलटे फिरतात, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. इथे दोन मिनिटं पुरेत.

खरा वेळ राखून ठेवा पिंकास सिनॅगॉग आणि कब्रस्तानासाठी. दोन्ही मिळून किमान सव्वा तास. पिंकासच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या जवळपास 78,000 ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत. 1950च्या दशकात लिहिलेली नावं भूजलाच्या ओलीनं खराब झाली, 1968मध्ये इमारत बंद झाली आणि 1990च्या दशकात ती सगळी पुन्हा लिहावी लागली. ही इमारतही आजच्या रस्त्याच्या खाली आहे. जे बोलायचं ते बाहेर शिरोका रस्त्यावरच बोलून घ्या आणि आत गप्प राहा. नवे गाईड नेमके इथेच चुकतात: शांततेची भीती वाटून आतही माहिती देत राहतात. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छळछावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. लहान मुलं सोबत असतील तर पालकांना आधी कल्पना द्या.

कब्रस्तानात पिंकासमधूनच जायचं. जागा वाढवता येईना आणि धर्मानुसार जुन्या कबरी हलवता येईनात, म्हणून वर माती टाकून थरावर थर पुरले. जुने दगड उचलून वर आणले. त्यामुळे सुमारे 12,000 शिळा एकमेकींना टेकून दाटीनं उभ्या आहेत. सर्वांत जुनी 1439ची, शेवटचं दफन 1787चं. वाट अरुंद, गटाची लगेच रांग होते आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. म्हणून चिन्हं आत शिरण्याआधी शिकवा: आशीर्वादाचे दोन हात म्हणजे कोहेन, पुरोहित घराणं, पाण्याची सुरई म्हणजे लेवी, पुरोहितांना साहाय्य करणारं घराणं.

शिळेवरचं साल काढण्याची रीतही सोपी. साल ज्यू कालगणनेतलं असतं आणि त्यातला हजाराचा आकडा (5000) सहसा लिहीत नाहीत. उरलेल्या आकड्यात 1240 मिळवा. ल्योव यांच्या शिळेवरचं 369, म्हणजे 1609. मात्र ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, त्यामुळे नव्या वर्षाच्या दिवसापासून डिसेंबरअखेरच्या तारखांना एक वजा करावा लागतो. कबरींवरचे खडे श्रद्धांजलीचे असतात. ते उचलू नयेत, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि ज्यू सणांना सगळं बंद असतं. कोकणातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत, एवढं सांगितलं की मराठी गटाला कारण वेगळं समजवावं लागत नाही. पुरुषांना डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल आणायला सांगा. तिकीट घेताना जुनं-नवं सिनॅगॉग त्यात धरलंय का ते खिडकीवरच विचारा. ते इथल्या ज्यू संग्रहालयाच्या ताब्यात नाही, ज्यू समाजाचं आहे. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं. गट पंधराच्या वर असेल तर दोन भाग करा आणि दुसऱ्याला आधी 1868च्या स्पॅनिश सिनॅगॉगकडे न्या. ते पाच-सात मिनिटांच्या चालीवर, वस्तीच्या पूर्व टोकाला आहे.