पुढच्या मातीआधी घरात बोलून ठेवायच्या गोष्टी

मामंजी गेले तेव्हा मी या घरात नवी होते. १९९१ साल. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सोप्यात बसवलं, दोघींनी दोन हात धरले आणि पाच मिनिटांत सगळं उरकलं. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं, जोडवी निघाली. करणाऱ्या बायका स्वतः हुंदके देत होत्या. त्यांच्या पोटात वाईट काही नव्हतं, पण दुःखाच्या घरात काय करायचं याचं त्यांना एवढंच शिक्षण मिळालं होतं. मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. आत्याबाईंना एका शब्दानं कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही. ते अजून सलतं.

२०२३ च्या श्रावणात आमचे हे गेले. माझ्या बांगड्या हातात राहिल्या, रक्षा पंचगंगेत गेली नाही, हाराऐवजी लोकांनी वह्या आणल्या. यातलं आयत्या वेळी सुचलेलं काही नव्हतं. त्यानंतर कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतली आणि आसपासची माणसं विचारायला येतात, "बाई, तुम्ही केलंत तसं आम्हाला करायचंय, कसं करायचं?" मी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळं क्रमानं सांगायची सवय आहे. तेच इथं लिहिते.

सगळ्यात आधी वही. माणूस दवाखान्यात असताना हा विषय काढू नका, तेव्हा तो अपशकुनासारखा लागतो. आमच्या घरी तो म्हाळाच्या दिवशी निघतो. पितरांचं जेवण झालेलं असतं, गेलेल्यांची आठवण निघालेलीच असते, मग आपलं बोलणंही सोपं जातं. कोरोनात गल्लीतली काही माणसं कुणाला काही विचारायची सवड न देता गेली, त्या वर्षी आम्ही शंभर पानी वहीत प्रत्येकाला एक पान दिलं. डोळे द्यायचे का, देहदान करायचं का, अग्नी कुणी द्यायचा, रक्षा कुठं, बायको मागं राहिली तर तिच्या अंगावरच्या खुणांचं काय. ह्यांनी आपल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हिच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही." ही वही रेशन कार्डाजवळ ठेवा, तिजोरीत नको. मध्यरात्री किल्ली सापडत नाही.

वही लिहिली म्हणजे झालं असं नाही. जो माणूस हमखास विरोध करणार, त्याला ती आधी वाचून दाखवायची. आमच्याकडं त्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. पान ऐकून म्हणाल्या, "काय वं वहिनी, मेलेल्याचा मान ठेवायचा नाही होय?" मी वाद घातला नाही. हेरवाडची बातमी काढून दाखवली. हेरवाड आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला: कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं. दोनच दिवसांनी शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी होती. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडसारखं करायला सांगितलं. १९१७ साली ज्या कोल्हापूर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला, त्याच मुलखातलं हे गाव. वन्सं लगेच हो म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवशी सोप्यात ही गोष्ट त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडली नाही, हे फार मोलाचं ठरलं.

प्रत्यक्ष त्या दिवशी दोन बायका नावानिशी ठरवून ठेवा. एक नात्यातली, एक शेजारची, दोघी वयानं मोठ्या. जिचा नवरा गेलाय तिच्या दोन्ही अंगांना त्यांनी बसायचं आणि उठायचं नाही. कुणी पुढं आलंच तर भाषण द्यायचं नाही. "आक्का, तिनं नको म्हटलंय, तुम्ही तिच्या डोक्यावरनं हात फिरवा," एवढंच म्हणायचं. हात फिरवायला सांगणं महत्त्वाचं आहे. पुढं आलेल्या बाईला काहीतरी करायचं असतं, तिला नुसतं अडवलं तर ती दुखावते आणि बाहेर जाऊन बोलते. आणि एखादीला स्वतःहून मंगळसूत्र काढून ठेवावंसं वाटलं तर तिलाही अडवू नका. तिला विचारणं, हाच बदल आपल्याला करायचा आहे.

नेत्रदान करायचं असेल तर पहिला तास हातचा जाऊ देऊ नका. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पापण्या मिटवा, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, साखर होती, तरी चालतं. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, चेहरा विद्रूप होत नाही. देहदान असेल तर सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, आवारात चौकशी करून छत्रपती शाहू महाराज वैद्यकीय महाविद्यालयाचे फॉर्म आधीच भरून ठेवा. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला आणि आधार कार्ड हाताशी हवं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. कागदपत्रांचं एवढं पुरे.

कोल्हापुरात महापालिकेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाहीत, हे आपल्याकडच्यांना माहीत असतं, बाहेरगावच्या पाहुण्यांना मात्र नवल वाटतं. पंचगंगा स्मशानभूमीत लाकडांबरोबर शेणी, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, वापरतात. होळीच्या वेळी कितीतरी मंडळं होळी लहान करून शेणी तिकडं पोचवतात. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही त्याच्या सरणाला आपल्या हातची शेणी लागते, आणि हार मात्र दुपारपर्यंत कचऱ्यात जातात. पावसाळ्यात निघण्याआधी फोन करून विचारा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेची स्मशानभूमी पाण्यात गेली होती. अशा वेळी कसबा बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प इथं न्यावं लागतं.

हार नकोत, असं नुसतं कळवलं तर माणसं अवघडतात. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शेवटी हारच घेऊन येतात. म्हणून नको ते आणि त्याऐवजी काय, दोन्ही एकाच निरोपात लिहा. आम्ही फोनवर पाठवला तो मजकूर असा होता: "रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी साडेआठ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी. हार, फुलं, टॉवेल-टोपी आणू नये. आणायचंच असेल तर शंभर पानी वही आणावी, किंवा पाच शेणी. वह्या महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना जातील." तीनशे बारा वह्या जमल्या. पहिल्या पानावर ह्यांचं नाव छापायचं का, असं तालमीतल्या पोरांनी विचारलं. मी नको म्हटलं. पोराला वही आपली वाटली पाहिजे.

फ्लेक्सही लावला नाही. तालमीच्या चौकात फळा आहे, त्यावर मी स्वतः खडूनं लिहिलं: नाव, वय, "शिवाजी उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर काम केलं", आणि रक्षाविसर्जनाची वेळ. नवऱ्याचं नाव फळ्यावर लिहिताना हात थरथरला, पण वळणदार आलं. येणारे-जाणारे थांबून वाचत होते. फ्लेक्सवरच्या हात जोडलेल्या तीस फोटोंमध्ये गेलेला माणूस शोधावा लागतो, फळ्यावर तो एकटाच होता.

आता रक्षा. इथं मी जास्त थांबणार आहे, कारण इथं आमची चूक झाली होती. आत्याबाई २०१७ ला गेल्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून झालेली ही नदी आधीच किती सोसते, म्हणून ह्यांनी हट्टानं सगळी रक्षा वडणग्याच्या शेतात नेली. एकच खड्डा काढला, सगळी घमेली त्यात ओतली आणि वर आंब्याचं रोप लावलं. दीड महिन्यात पानांच्या कडा करपल्या आणि रोप वाळलं. वन्सं म्हणाल्या, "आईचं मन नव्हतं बघा." घरात महिनाभर कुणी धड बोललं नाही. पुढं शेतीतल्या जाणकारानं समजावलं की राख चुन्यासारखी असते, तिच्यात क्षार असतात, कोवळ्या मुळांना ती एवढी सोसत नाही. आईचं मन मोडलं नव्हतं, आमचं प्रमाण चुकलं होतं.

तेव्हा असं करा. रक्षा सावडून झाली की अस्थी वेगळ्या काढा. शेणी आणि लाकडं मिळून पाच-सहा घमेली राख निघते. ती बांधावर किंवा मोकळ्या रानात लांबवर पसरा, मातीत कालवा. रोपाचा खड्डा वेगळा, दोन फूट खोल, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत, आणि रक्षा फक्त मूठभर, तीही मातीत मिसळून. प्रत्येक नातेवाइकाला एक मूठ माती टाकू द्या. घाटावर प्रत्येक जण ओंजळीनं पाणी सोडतो, त्या जागी ही मूठ येते आणि कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. झाड तिथलंच निवडा, आम्ही जांभूळ लावलं. आणि चैत्र-वैशाखात पाणी कोण घालणार, त्याचं नाव खड्डा काढायच्या आधी ठरवा. शेत नसेल तर गावाकडच्या नात्यातल्या कुणाचा बांध मागून घ्या, सहसा नाही म्हणत नाहीत. अस्थींचं म्हणाल तर थोड्या आम्ही वन्संना दिल्या. त्यांनी नरसोबाच्या वाडीला नेऊन कृष्णा-पंचगंगेच्या संगमात सोडल्या. डबीभर अस्थींसाठी बहिणीचं मन मोडायचं मला बरोबर वाटलं नाही.

कावळ्याच्या नैवेद्याच्याही वाटेला जाऊ नका. लोकांचा जीव त्यात फार अडकलेला असतो. आम्ही नैवेद्य ठेवला आणि आधीच सांगितलं की पंधरा मिनिटं वाट बघायची, मग गाईला द्यायचा. कावळा आला नाही तर काय इच्छा राहिली असेल, असं विचारत लेकराबाळांना रडवत बसायचं नाही.

उरलं मौन आणि भाषणं. आपल्याकडं रक्षाविसर्जनाला प्रत्येक संस्थेच्या वतीनं एक जण बोलतो, ऊन चढतं, आणि शेवटी माणसं चपला शोधत असताना दोन मिनिटांचं मौन होतं, तेही अर्ध्या मिनिटात संपतं. मौन आधी घ्या. एकाच्या हातात घड्याळ द्या. "आता सुरू" आणि "आता संपलं" हे दोन्ही त्यानंच मोठ्यानं सांगायचं. ३० जानेवारीला हुतात्म्यांसाठी अकरा वाजता देशभर मौन पाळतात, तिथंही भोंगा सुरुवातीला वाजतो तसा शेवटालाही वाजतो, कारण मिटल्या डोळ्यांनी उभ्या माणसाला वेळ कळत नाही. ६ मे २०२२ ला सकाळी दहाला शाहू महाराजांसाठी कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं, तेव्हा मी रस्त्यावर होते. रिक्षावाले खाली उतरून उभे होते. शंभर सेकंद किती मोठे असतात ते त्या दिवशी समजलं.

वन्संनी मला एकदा ऐकवलं होतं, "ही नवी थेरं आपली नव्हंत." मी त्यांना मौनाची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१८ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये दुपारच्या तोफेनंतर रोज स्तब्ध उभं राहायला लागले. ११ नोव्हेंबर १९१९ ला ती दोन मिनिटं ब्रिटिश साम्राज्यभर पाळली गेली, आणि तिथून ही रीत आपल्या घाटावर आली. आज ती पाळताना परकी वाटते का कुणाला? वन्सं गप्प राहिल्या, पण दुसऱ्या दिवशी जावयाला तीच गोष्ट सांगताना मी ऐकलं.

भाषणं दोनच ठेवा, एक घरातलं, एक कामावरचं. बाकीच्या संस्थांची नावं एकत्र वाचून दाखवा, म्हणजे कुणाचा मान राहिला नाही असं होत नाही. ह्यांच्याबद्दल लेथवरच्या सोबत्यानं एवढंच सांगितलं: "कुणी बोलायला आलं की मशीन बंद करून मगच बोलायचा. चालू मशीनवर मान वळवायचा नाही, आणि माणसाशी अर्धवट बोलायचा नाही." दीड मिनिटही लागलं नाही. माझी लेक त्यानंतर बोलली.

एक गोष्ट फार जण विसरतात. बांगड्या राहिल्या, कुंकू राहिलं, तरी पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही तर ती बाई घरातच बसते. म्हणून ज्या बायका दुखवट्याला आल्या होत्या, त्यांच्यातल्या एकीला तेव्हाच सांगून ठेवा की संक्रांतीला हिला न्यायला तू यायचंस. मला न्यायला समोरच्या वहिनी आल्या. तिथं दोघींनी मान फिरवली, बाकीच्यांनी वाण दिलं. पुढच्या वर्षी त्या दोघींतली एक माझ्या शेजारी बसली होती.

माझं पान मी गेल्या म्हाळात नव्यानं लिहिलं. डोळे द्यायचे. अग्नी लेकीनं द्यायचा, तिला विचारलंय, ती हो म्हणालीय. रक्षा बांधावर पसरायची, पण ह्यांच्या जांभळापासून दहा हात लांब, ते अजून लहान आहे. वन्संना पहिला फोन करायचा. चौकातल्या फळ्यावर कुणी लिहायचं, तेवढं ठरायचं राहिलंय. नातवाचं अक्षर बरं आहे, पण तो अजून पाचवीत आहे.