फाइल ओळखली, पण तिच्यातली मराठी?

जुन्या सीडीवरची फाइल थेट उघडू नका. नवं सॉफ्टवेअर ती सेव्ह करताना नव्या स्वरूपात बदलून टाकू शकतं. आधी प्रत काढा, मूळ फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) नोंदवा आणि पुढचं काम प्रतीवरच करा.

फाइल कुठल्या फॉरमॅटची, ही ओळख पटवायला पहिला आधार प्रोनॉमचा. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जची ही फॉरमॅटची नोंदवही. वर्ड ९७-२००३ चा तिथला क्रमांक एफएमटी/४०. ड्रॉइड आणि सिगफ्रीड ही मोफत साधनं याच नोंदी वापरतात. ड्रॉइडमध्ये सिग्नेचर फाइल (फॉरमॅट ओळखायच्या खुणांची यादी) आणि कंटेनर सिग्नेचर फाइल (फाइलच्या आतल्या भागांवरून ओळखायच्या खुणा), दोन्ही ताज्या हव्यात. जुनं वर्ड, एक्सेल, पेजमेकर ६.५ या सगळ्यांची सुरुवात 'डी० सीएफ ११ ई०' याच बाइट्सनी होते. कोण कुठलं, हे आत डोकावल्यावरच कळतं. निकालात नुसतं एक्स्टेन्शनवरून ओळखल्याचं दिसलं, तर तो अंदाज धरा. मग ट्रिड हे ओळख पटवणारं दुसरं साधन वापरून पाहा. फॉरमॅट पुढे किती टिकेल, हे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या फॉरमॅट-नोंदींत वाचायला मिळतं.

मराठी फाइलींचं खरं काम इथून पुढे सुरू होतं. ड्रॉइड 'वर्ड' म्हणेल, तरी मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरांच्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे प्रत्येकाने आपापल्या क्रमांकांवर बसवले होते, त्यामुळे फॉन्टचं नेमकं नाव (उदा. डीव्ही-टीटी योगेश) कळल्याशिवाय मजकूर वाचता येत नाही. फॉन्टच्या यादीचा स्क्रीनशॉट सगळ्यात आधी घ्या.

रूपांतरात घोटाळा होतो तो क्रमाचा. 'मार्मिक' या शब्दात जुना फॉन्ट म, काना, पहिली वेलांटी, म, रफार, क असं दिसेल तसं साठवतो. युनिकोडला (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीला) म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क हवं. साधं शोधा-बदला करून हे जमत नाही. त्या फॉन्टसाठीच केलेला कन्व्हर्टर लागतो. तोही सबंध फाइलवर एकदम चालवला, तर मधले इंग्रजी शब्द देवनागरी होऊन बसतात, म्हणून फॉन्टनिहाय तुकडे पाडून चालवा. रफार, जोडाक्षरं आणि 'ॲ' असलेली दहा-वीस पानं छापील प्रतीशी ताडून पाहा.

जपायचं ते असं: मूळ फाइल, दिसणं टिकवणारी पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) आणि युनिकोड मजकूर. नुसत्या पीडीएफवर विसंबू नका. पान सुरेख दिसेल, पण कॉपी केलं की पुन्हा तोच कचरा हाती येईल.